बुद्धिमान गायक कोणाला म्हणायचं?
(चौघांची चर्चा; प्रत्येक भागाच्या वर बोलणाऱ्याचं टोपणनाव.)

मध्यलय
मैफल संपल्यावर 'गायक बुद्धिमान आहे' असं कोणी म्हटलं, की बहुतेक वेळा अर्थ एवढाच असतो: अनवट (क्वचित गायला जाणारा) राग गायला, तिहाया (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येणं) अवघड घेतल्या, तान (जलद स्वरांची मालिका) दांडगी होती. माझ्या मते बुद्धी यावरून कळत नाही. ती कळते नेहमीच्या रागात, आणि गायकाने काय टाळलं त्यावरून.

मारवा, पूरिया, सोहनी घ्या. तिघांचे स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. मारव्यात मुक्काम रिषभ-धैवतावर आणि षड्ज होता होईल तो लांबवायचा. पूरियात गंधार-निषाद, चलन (स्वरांची चाल) मंद्र-मध्यात, म्हणजे खालच्या आणि मधल्या सप्तकात. सोहनीचा सगळा ओढा तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे. मारवा गाताना दुसऱ्याच आवर्तनात (तालाच्या फेरीत) निषादावर रेंगाळून षड्जावर विसावलात, की पूरिया डोकावला. स्वर एकही चुकला नाही, राग मात्र गेला.

आलापीत (संथ विस्तारात) हे बहुतेकांना सांभाळता येतं. खरी परीक्षा तानेत. भूप आणि देशकार दोन्हींत सा रे ग प ध. भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात, आणि देशकारात रिषभ दुबळा. सपाट तान सरळ वर नेली तर दोन्ही राग एकच होतात. भूपाची तान गंधाराशी वळून आली पाहिजे, देशकाराची तार षड्जाकडून धैवतावर उतरली पाहिजे. हे दुगुनीत (दुप्पट लयीत) जमतं, चौगुनीत (चौपट लयीत) सुटतं. घोकलेली तान आणि सुचलेली तान इथे वेगळी कळते.

तिहाई
असहमत. राग नीट ठेवणं ही शिस्त झाली, चांगली तालीम मिळालेला कोणीही ती पाळतो. बुद्धी लागते लयीत, कारण तिथे चालत्या तालात निर्णय घ्यावा लागतो.

तीनतालात समेवरून उठलेली तिहाई पुढच्या समेवर आणायची तर तालाच्या १६ अधिक पुढच्या समेची १, म्हणजे १७ मात्रांचा हिशेब. पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये एकेक मात्रेची दोन विश्रांतिस्थानं: १५ अधिक २. नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीवरून (टाळी न देण्याच्या जागेवरून), उठलात तर तीन मात्रांचा तुकडा सलग तीनदा. दहा मात्रांच्या झपतालात ११ भरायच्या, तिथे ३-१-३-१-३. हे पाठ करता येतं, मान्य. पण तीनतालात तान सहाव्या मात्रेवर संपली आणि सम धरून हातात ११ उरल्या, तर ठरलेला तुकडा सोडून दुसरा त्या क्षणी बांधावा लागतो, तोही रागाच्या चलनातला. पाठांतरवाला इथे लय ओढतो, किंवा शेवटचा तुकडा दाबून बसवतो. तबलजीच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं.

विलंबितातही (संथ लयीतही) तेच. आलाप लांबवून अकराव्या मात्रेला जाग येते आणि मग मुखडा (समेवर आणणारी बंदिशीची सुरुवात) धावत पकडतात. डोक्यात आवर्तन चालू असणारा आधीच श्वास घेऊन मुखड्याला जागा ठेवतो.

जवारी
तुम्ही दोघंही गाणं सुरू झाल्यावरचं बोलताय. गायक किती जाणता आहे, हे तंबोरा लावतानाच बरंचसं कळतं.

पहिली तार पंचमात, ही सवय. मालकंसात ती मध्यमात हवी, पूरियात निषादात. मारव्याला पंचमाची तार ठेवली तर कान सतत पंचमाकडे ओढला जातो आणि तीव्र मध्यम लटका लागतो. मग दोष गळ्याला दिला जातो. घोडीवरचं (तारा टेकतात त्या पट्टीवरचं) सूत केसभर सरकलं तरी झणकार मिटतो, म्हणून आधी तार सुरात, मग जवारी (सूत सरकवून झणकार जुळवणं), मग मण्यांनी बारीक फरक. तिन्ही एकदम हलवलं की काय बिघडलं तेच समजत नाही.

खर्जाच्या (सगळ्यांत खालच्या 'सा'च्या) तारेतून स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो. पेटीचा गंधार त्याहून सुमारे १४ सेंट चढा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वरांतराचा शंभरावा भाग). भूपात गायक गंधारावर थांबला, की जाणता पेटीवाला बोट उचलतो किंवा भाता हलका करतो. ती बुद्धीच आहे, आणि टाळ्या न मिळणारी आहे.

ओवी
आणि शब्द? त्यांचं कोणी नावच काढलं नाही.

मोठ्या अभंगाचा सांगाडा ६-६-६-४ अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. 'सुंदर ते ध्यान | उभे विटेवरी | कर कटावरी | ठेवोनिया'. 'विटेवरी'नंतर दोन मिनिटं सरगम करून 'कर कटावरी' घेतलं तर यमक कानात जुळतच नाही, तुकोबांनी बांधलेली जोडी तुटते. विस्तार करायचा तर चौथ्या चरणानंतर करा, किंवा दुसरा-तिसरा एका दमात म्हणून मग वळा. राग आणि ताल दोन्ही चोख सांभाळून अभंग मोडणारे गायक आहेत. त्यांना मी बुद्धिमान म्हणणार नाही.

मध्यलय
ओवी, हा मुद्दा मी सोडला होता, मान्य. तिहाई, तुमचं निम्मं पटतं. अकरा मात्रांत *रागाच्या चलनातला* तुकडा बांधायचा, हे तुम्हीच लिहिलंत. मग नुसत्या हिशेबाने कसं भागेल?

काय टाळावं याची उत्तम कसोटी जुन्या ७८ गतीच्या तबकड्या. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांबरोबर गेली, ती साडेतीन मिनिटांचीच. तेवढ्यात राग उभा राहतो, कारण भरताड सगळी बाहेर ठेवलेली आहे.

तिहाई
तबकडीवर नेटकेपणा कळतो, बढत (रागाचा टप्प्याटप्प्याने विस्तार) कळत नाही. बारा मात्रांच्या विलंबित एकतालाचं एक आवर्तन ५० सेकंदांचं धरलं, तर तबकडीच्या एका बाजूत जेमतेम चार बसतात. तेवढ्यात गायक मंद्रातून गंधारापर्यंतही पोचणार नाही. मारव्यात षड्ज लांबवायचा म्हणालात ना? किती लांबवला हे मोजायला आठ-दहा आवर्तनं तरी ऐकावी लागतात. मी पहिल्या चार आवर्तनांवर मत देत नाही.