‘शिक्कामोर्तब’मधले मोर्तब म्हणजे नेमके काय?

खलिता: ‘नावावर शिक्कामोर्तब, घोषणा बाकी’ असला मथळा आता कुणाला खटकतही नाही. शिक्का वेगळा, मोर्तब वेगळे. शिक्का म्हणजे मुख्य मुद्रा, ती पत्राच्या माथ्यावर. मोर्तब म्हणजे मजकूर संपला की खाली उमटवायचा छोटा ठसा. शिवाजी महाराजांच्या पत्रांत वर ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’, शेवटी ‘मर्यादेयं विराजते’. पेशव्यांकडे शेवटी ‘लेखनसीमा’. सांगणे एकच: लिहिणे इथे संपले, याखालची ओळ आमची नव्हे. घोषणा बाकी असेल तर फार तर शिक्का झाला म्हणा.

रोजमेळ: हा हट्ट पटत नाही. ‘कागदपत्रे आणा’ म्हटल्यावर कागद किती नि पत्रे किती, असे कुणी विचारतो का? आणि मुळावरच जायचे तर अरबी ‘मुरत्तब’ म्हणजे रचलेले, नीट लावलेले. त्यात ना ठसा, ना शेवट. मराठीत येऊन तो शब्द ठशाला चिकटला, ते तुम्हाला चालते. त्यापुढचा बदल तेवढा भ्रष्ट?

खलिता: बदलाला ना नाही, पण मोर्तबाचे काम तरी बघा. सनदेत शेवटच्या ‘जाणिजे’च्या खाली कोरी जागा सुटली, तर ‘आणखी दहा बिघे’ घुसडायला कितीसा वेळ? ती वाट मोर्तब बुजवते. मंजुरीशी त्याचा संबंध नाही.

सांधेजोड: दोघेही कागदाची पाठ विसरलात. लांब पत्र म्हणजे खळीने एकाखाली एक चिकटवलेले बंद, म्हणजे कागदाचे तुकडे. मधला बंद बदलला तर वरची मुद्रा खरी, खालचे मोर्तबही खरे, आणि पत्र मात्र खोटे! म्हणून महत्त्वाच्या कागदांत मागच्या बाजूने सांध्यावर ठसा मारत: अर्धा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. दोन अर्ध जुळत नसतील तर संशय घ्या, पण लगेच बनावट ठरवू नका. सुटलेला सांधा पुन्हा चिकटवताना कागद केसभर सरकतोच. फक्त पुढच्या बाजूचा फोटो पाहून निकाल देणारे इथेच फसतात.

आणि ‘मोर्तब सूद’ दिसले की व्याज शोधू नका. हे सूद म्हणजे फारसी ‘शुद’, झाले.

रोजमेळ: मग माझेच म्हणणे खरे ठरले की! ‘मोर्तब सूद’ म्हणजे ‘मोर्तब झाले’. जुना कारकून जे लिहायचा, तेच आजचा मथळा लिहितो.

खलिता: तो मोर्तब उमटल्यावर लिहायचा. तुमचा मथळा त्याच्या आधीच छापून मोकळा होतो.

रोजमेळ: ती वार्ताहराची घाई. शब्दाला कशाला बोल लावता?