मदत हवी आहे : उभ्या पाइपमधल्या स्ट्रॉबेरीला पाणी कसं द्यावं?
नमस्कार मंडळी. पुण्यातली आमची बाल्कनी अरुंद आहे, म्हणून 6 इंची पीव्हीसी पाइप उभा करून, बाजूने भोकं पाडून त्यात महाबळेश्वरहून आणलेली 'विंटर डॉन' या स्ट्रॉबेरीच्या जातीची रोपं ऑक्टोबरमध्ये लावली. आत माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत. पानं फुटतात तो गड्डा मातीच्या वरच ठेवलाय, कारण तो दबला की कुजतो.

अडचण पाण्याची आहे. वरची रोपं दुपारपर्यंत सुकतात आणि खालची कायम ओली राहतात. आत भोकं पाडलेला अर्धा इंची पाइप सोडला तर पाणी सारखं पोचेल का? भोकं वर जास्त आणि खाली कमी ठेवायची का? ऊन फक्त सकाळचं, जेमतेम चार तास. तेवढ्यावर फळ धरेल? लेकीला झाडावर पिकलेली स्ट्रॉबेरी खाऊ घालायची फार इच्छा आहे. कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.