होमकमिंग, मंडळाची दिवाळी आणि बारावीचं वर्ष

फ्रीमाँटची आई:
परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'सीनियर इयरला, म्हणजे बारावीत, होमकमिंग, प्रॉम ही शाळेतल्या डान्सची थेरं बंद करा, तेवढ्या वेळात कॉलेजच्या अर्जाचे एसे (निबंध) होतील. नाचायचंच असेल तर आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत लेझीम आहेच.' दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. माझी मुलगी चार वर्षं मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतेय. शुक्रवारची होमकमिंगची मॅच तिच्या बँडशिवाय होत नाही आणि शनिवारच्या डान्सला तिनेच जायचं नाही? शाळेच्या जिममध्ये, दारात शिक्षक उभे, अकराला घरी. पुढच्या ऑगस्टमध्ये ती घर सोडून जाणार. यात थेरं कुठली?

दोन मुलांचा बाप:
ते मीच लिहिलं आणि शब्द मागे घेत नाही. होमकमिंगचा डान्स २४ ऑक्टोबरला, अर्ली डिसिजनची (कॉलेजला लवकर अर्ज करायची) मुदत १ नोव्हेंबरला. मधल्या आठवड्यात ड्रेस, फोटो, कोण कुणाबरोबर जाणार याचं रडणं. आणि हे एका रात्रीवर थांबत नाही, पुढे मेमध्ये प्रॉम असतो. माझा थोरला पोस्टर रंगवून एका मुलीला प्रॉमसाठी विचारायला गेला. ती नाही म्हणाली. व्हिडिओ शाळाभर फिरला. पुढच्याच आठवड्यात एपीच्या (कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या) परीक्षा. तीन दिवस पोरगं नीट जेवलं नाही. तुमच्या घरी हे झालं नाही, म्हणून थेरं दिसत नाहीत.

सांगलीकर:
पोराचं ऐकून वाईट वाटलं. पण तो दोष व्हिडिओ फिरवणाऱ्यांचा, डान्सचा नाही. मला वेगळाच राग आहे. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. मंडळाची दिवाळी त्याच २४ ऑक्टोबरला कशी? कोजागिरीच्या आदल्या दिवशी दिवाळी! मुलांना आपण कोणत्या तोंडाने सांगायचं की हा आपला सण आहे?

किटली:
मी समितीवर आहे. हॉल मिळेल तेव्हा दिवाळी. बुकिंग आम्ही जानेवारीत करतो, तेव्हा शाळांच्या डान्सच्या तारखा कुणालाच माहीत नसतात. तारखेवर बोलणाऱ्यांपैकी गेल्या वर्षी खुर्च्या उचलायला कितीजण थांबले? मी आणि बायको रात्री एकला फराळाची पातेली घासत होतो.

सांगलीकर:
मी थांबलो होतो. आणि हॉलचं कारण किती वर्षं ऐकायचं? न्यू यॉर्क शहरातल्या शाळांना १ नोव्हेंबर २०२४ ला दिवाळीची पहिली सुट्टी मिळाली. आपल्या कॅलिफोर्नियानेही २०२५ मध्ये दिवाळीच्या सुट्टीचा कायदा केला. सरकार आपली तिथी पाळायला तयार झालं आणि आपण हॉलच्या भाड्याप्रमाणे सण हलवतो!

किटली:
आपल्याकडच्या कायद्याने शाळा सुट्टी देऊ शकतात, द्यायलाच हवी असं नाही. आधी नीट वाचा. आणि ८ तारखेला रविवार आहे, सुट्टीने हॉल मोकळा होणार नाही.

ओक आणि आंबा:
तुम्ही मोठी माणसं तारखांवर भांडताय, म्हणून माझं सांगते. मी २०१३ ची सीनियर. बाबांनी प्रॉमला पाठवलं नाही, कारण विचारलं तर 'आपल्यात नसतं' एवढंच. त्याच वसंतात जॉर्जियातल्या विल्कॉक्स काउंटीत मुलांनी स्वतः पैसे जमवून पहिला एकत्र प्रॉम केला. तोवर तिथे गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा व्हायचा. ती बातमी वाचून मी खूप रडले. त्या मुलांना गाव अडवत होतं, मला घर. कॉलेज चांगलं मिळालं, पण शाळेच्या मैत्रिणी त्या वर्षानंतर तुटल्या त्या तुटल्याच. मंडळात मला नाचवायला मात्र माझ्या बाबांना आवडायचं.

दोन मुलांचा बाप:
काल थोरल्याला फोन करून विचारलं. म्हणाला, 'व्हिडिओ विसरलो. तुम्ही नंतर प्रॉमला जाऊ नको म्हणालात, ते नाही विसरलो.' एसेंबद्दल माझं म्हणणं तेच आहे. थेरं हा शब्द घेतला मागे.

फ्रीमाँटची आई:
धन्यवाद. मुलगी लेझीम सोडणार नाही म्हणतेय. किटली, पथक सातऐवजी चारला घेता येईल का?

किटली:
साडेचारला घेतो. लहान मुलांची नाटिका मागे ढकलावी लागेल, त्यांच्या आयांचे फोन तुम्ही घ्या. नऊवारीतून ड्रेसमध्ये बदलायला स्टेजमागची खोली उघडून ठेवतो.