फ्रान्समध्ये वाहनांपासून दूर, निवांत सायकल भ्रमंती: बोर्दो ते कारकासोन कसं जमवावं?

सायकलवारी:
सप्टेंबरच्या पूर्वार्धात आम्हा दोघांना फ्रान्समध्ये दहा दिवस सायकल चालवायची आहे. वय पन्नाशीचं, रोज ४०-५० किलोमीटर सहज होतात, पण ट्रक-मोटारींच्या शेजारून चालवण्याची अजिबात हौस नाही. खेडी, शेतं, नदी-कालवे पाहायचे आहेत. ल्वार नदीकाठचा मार्ग सगळेच सुचवतात, पण तिथे गर्दी असते असं ऐकलं. बोर्दोहून कालव्याच्या काठाने तुलूज आणि पुढे कारकासोन हा पर्याय कसा आहे? रस्ता कसा आहे, टायर कोणते लागतील, सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी, आणि शाकाहारी माणसाचं जेवणाचं काय, एवढं कळलं तर तिकिटं काढू.

दगडी_पूल:
तुमच्या गरजेला हाच मार्ग बसतो. ल्वारचा मार्ग सुंदर आहे, पण त्याच्या मोठ्या हिश्शात गावातले रस्ते मिसळलेले आहेत. कालव्याच्या काठावर मोटारी जवळजवळ नसतातच.

तिथे दोन शब्द सारखे दिसतील. 'व्हॉआ व्हेर्त' म्हणजे मोटारबंद वाट, बहुधा जुना लोहमार्ग किंवा कालव्याची कडा. 'वेलोरूत' म्हणजे पाट्या लावलेला सायकलमार्ग, त्यात साधे रस्तेही येतात. नकाशावर हिरवी रेघ दिसली म्हणून ती मोटारबंद असेलच असं नाही. तुमच्या मार्गाचा क्रमांक व्ही ८०, पाट्या पांढऱ्या आणि त्यावर हिरवी सायकल.

बोर्दोच्या बाहेर लात्रेनपासून सोव्हतेर-द-गियेनपर्यंत जुन्या लोहमार्गावर रोजे लापेबी पट्टा आहे, साधारण ५५ किलोमीटर. वाटेत क्रेआँला जुन्या स्टेशनात सायकलवाल्यांची सोय आहे. सोव्हतेरनंतर ला रेओलच्या बाजूला कालवा गाठेपर्यंत छोट्या रस्त्यांवरून द्राक्षमळ्यांतून जावं लागतं. तिथे चढउतार आहेत, आणि काढणीच्या दिवसांत ट्रॅक्टर भेटतात. हा तुकडा सकाळी उरका.

पुढे गारोन कालवा, कास्ते ते तुलूज १९३ किलोमीटर, ५३ जलद्वारं (बोटींना वरखाली नेणारे बंदिस्त टप्पे). काठाची वाट जवळजवळ सगळी डांबरी. चढ जाणवत नाही, फक्त प्रत्येक जलद्वारापाशी आणि पुलाखालून बाहेर पडताना छोटा उंचवटा येतो. सामान लादलेली सायकल तिथे अडते, म्हणून गिअर आधीच हलका करून ठेवा. आजाँला कालवा गारोन नदीच्या वरून २३ कमानींच्या पुलावरून जातो, सुमारे ५३९ मीटर लांब, आणि वाटही त्याच पुलावरून. म्वासाकचं मठाचं प्रवेशद्वार चुकवू नका. ल मा-दाजने या खेड्याच्या चर्चमध्ये रेम्ब्रांटचं १६३१ सालचं ख्रिस्ताचं चित्र आहे. इतक्या छोट्या गावात ते असावं याचं मला कौतुक वाटतं.

तुलूजनंतर कनाल द्यु मिदी. १६६६ ते १६८१ या काळात बांधलेला, १९९६ पासून जागतिक वारशात. ओत-गारोन जिल्हा संपेपर्यंत डांबर, म्हणजे पोर-लोरागेपर्यंत साधारण ५० किलोमीटर. त्यापुढे ओद जिल्ह्यात माती आणि दाबलेली खडी. नोरूझला १८९ मीटरवर पाणलोटाची रेषा येते, तिथून एका बाजूचं पाणी अटलांटिककडे आणि दुसरीकडचं भूमध्य समुद्राकडे जातं.

टायर ३५ ते ४० मिलीमीटरचे घ्या, हवेचा दाब साधारण ४५-५० पीएसआय. कारण असं की चिनार जातीच्या प्लेन झाडांची मुळं डांबर उचलून धरतात, आणि पाऊस पडल्यावर पडलेली पानं साबणासारखी निसरडी होतात. पूर्ण दाबाचा २८ चा टायर तिथे हाडं खिळखिळी करतो. २००६ पासून या झाडांना बुरशीचा रोग लागून हजारो झाडं तोडावी लागली आहेत, म्हणून मिदीच्या काही तुकड्यांवर सावली गेली आहे. टोपी हवीच.

हायवे_नको:
वरच्या माहितीत माझी एक भर आणि एक असहमती. मोटारबंद वाटच हवी असा हट्ट धरला तर सुट्टीच्या दिवशी गावांजवळ चालणारे, लहान मुलं आणि कुत्री यांच्यातून वाट काढत बसाल. त्यांचा हक्क पहिला, म्हणून घंटी हवीच, तिथे ती कायद्यानेही लागते. खरी शांतता मिळते ती कालवा सोडून तासभर खेड्यांतल्या रस्त्यांवर गेलात की. त्यासाठी रस्ता निवडता आला पाहिजे.

मिशेलिनच्या स्थानिक कागदी नकाशात पांढऱ्या रेघांचे रस्ते सगळ्यात शांत, पिवळे मध्यम, लाल टाळायचे. रस्त्यावर छोटे बाण असतील तर चढ आहे: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३, तीन त्याहून जास्त. 'डी' अक्षराचे रस्ते जिल्ह्याचे, पण नुसत्या डी वर भरवसा नको. डी ८१३ हा कालव्याला समांतर जाणारा रस्ता पूर्वीचा राष्ट्रीय मार्ग आहे, आणि त्यावर ट्रक असतात. फोनमधला नकाशा 'सर्वात जवळचा' मार्ग मागितला की हमखास त्यावर नेतो.

वेळेचा एक उपयोग करा. दुपारी १२ ते २ सगळं गाव जेवायला बसतं, रस्ते रिकामे होतात. रस्त्याचा तुकडा त्या वेळात काढा, पण दुकानंही तेव्हाच बंद असतात, म्हणून पाव आणि फळं बाराच्या आधी घ्या.

आणि उजवीकडून येणाऱ्याचा हक्क लक्षात ठेवा. गावात चौकात पाटी नसेल तर उजवीकडच्या गल्लीतून येणारी मोटार थांबत नाही, तुम्ही थांबायचं. पिवळा चौकोन टोकावर उभा असलेली पाटी म्हणजे प्राधान्य तुमचं, त्यावर काळी रेघ आली की संपलं. भारतातून गेलेल्यांची धांदल इथेच होते, कारण वाहनं उजव्या बाजूने चालतात आणि नजर सवयीने चुकीकडे जाते.

सायकलवारी:
दोघांनाही धन्यवाद. बोर्दो ते कारकासोन की उलट? आणि रेल्वेत सायकल नेता येते का?

मालडबा:
बोर्दोहूनच निघा. गारोन खोऱ्यात वारा बहुधा पश्चिमेचा, तो पाठीशी येतो. नोरूझच्या पलीकडे सेर्स नावाचा जोरदार वारा असतो, तोही पश्चिमेकडूनच. उलटा प्रकार म्हणजे ओतां. तो आग्नेयेकडून येतो, तुलूजच्या परिसरात दिवसच्या दिवस वाहतो आणि तुमच्या तोंडावर असतो. हवामानात त्याची सूचना दिसली तर तुलूजहून कारकासोनला रेल्वेने जा आणि तिथून सायकलने परत या.

प्रादेशिक गाड्यांत, म्हणजे टीईआरमध्ये, सायकल चढवता येते. सायकलीच्या खुणेचा डबा बघा आणि मागच्या पिशव्या आधीच काढून हातात घ्या, कारण पायऱ्या उंच असतात आणि गाडी छोट्या स्टेशनात फार थांबत नाही. काही प्रदेशांत उन्हाळ्यात आरक्षण लागतं, तेव्हा त्या त्या प्रदेशाचा नियम पाहून घ्या. टीजीव्ही म्हणजे अतिवेगवान गाड्या, त्यांत सगळीकडे सायकलीला जागा नाही, जिथे आहे तिथे मोजक्याच, आणि त्या तिकिटासोबतच घ्याव्या लागतात. नंतर मागून मिळत नाहीत. नाहीतर चाकं काढून १३० गुणिले ९० सेंटीमीटरच्या पिशवीत भरावी लागते.

दहा दिवसांसाठी भाड्याची सायकलच सोयीची. या मार्गावर एका टोकाला घेऊन दुसऱ्या टोकाला सोडायची सोय देणारे भाडेवाले आहेत. विचारताना स्वतःच्या पायाची आतली उंची (जांघेपासून जमिनीपर्यंत) सेंटीमीटरमध्ये कळवा आणि मागचं कॅरियर किती किलो पेलतं ते विचारा. स्वतःची नेणार असाल तर खोक्यात भरताना डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, म्हणजे ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडमध्ये प्लास्टिकची चकती ठेवा, लीव्हर दाबला गेला तर पॅड चिकटून बसतात. डिरेलियर (मागचा गिअर बदलणारा भाग) काढून आत बांधा आणि तो ज्यावर बसतो तो हँगर जादा न्या, कारण तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि खेड्यातल्या दुकानात मिळणार नाही. मागच्या चाकाचा स्पोक बहुधा कॅसेटच्या (मागच्या दातेरी चकत्यांच्या) बाजूला तुटतो, तेव्हा कॅसेट काढायचं अवजारही बरोबर असू द्या.

व्हिसासाठी रोजच्या मुक्कामाचा पुरावा लागतो, तेव्हा रद्द करता येणारी आरक्षणं करा. 'आक्युय वेलो' खुणेची घरं आणि हॉटेलं मार्गापासून ५ किलोमीटरच्या आत असतात, तिथे सायकलीसाठी कुलूपबंद जागा मिळते.

हिरवी_मिरची:
जेवणाचं मी सांगते. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये बदकाची चरबी सर्रास वापरतात, कधी बटाटे आणि भाज्यांनाही. मेन्यूवर 'ग्रेस द कानार' दिसलं की टाळा. गरम बकरीच्या चीजचं सॅलड शाकाहारी वाटतं, पण त्यात बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात. 'सां लार्दों' म्हणजे ते नको, एवढं म्हणायला शिका. दुकानात डाळीचा डबा घेताना घटक वाचा, 'लार' किंवा 'सोसिस' असेल तर परत ठेवा. जुन्या पद्धतीच्या चीजमध्ये प्राण्यापासूनचं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं, कडक शाकाहारींनी तेही बघावं.

सोपा उपाय म्हणजे स्वयंपाकघर असलेली खोली घ्यायची. गॅसचे डबे विमानात चालत नाहीत, म्हणून स्टोव्ह नेणार असाल तर तिथेच घ्या, पण आट्यांचा की क्लिकचा हे तुमच्या स्टोव्हला जुळतं का ते आधी पाहा. दोन्ही प्रकार मिळतात. खाण्यासाठी मार्माँदचे टोमॅटो, आजाँचे वाळवलेले आलुबुखार आणि म्वासाकची शासला द्राक्षं वाटेवरच्या बाजारात मिळतात. तिखट मात्र घरून न्या.

रविवार दुपार आणि सोमवार सगळ्यात अवघड. बेकरी बऱ्याच गावांत सोमवारी बंद असते. शनिवारी संध्याकाळीच दोन दिवसांचं घेऊन ठेवा.

पाण्याचं: बहुतेक गावांच्या स्मशानभूमीत नळ असतो, पण पाटी वाचा. 'नों पोताब्ल' म्हणजे पिण्यायोग्य नाही. दोघांसाठी किमान दोन लिटर भरून निघा, कालव्याच्या काठी दहा-पंधरा किलोमीटर काहीच मिळत नाही असे तुकडे आहेत.