गच्च शेवाळावर फ्रॉगने बास: मासा उसळतो, पण गळाला लागत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशासाठी मी सध्या पाणवनस्पतींच्या गच्च थरावरच गळ टाकते आहे. खाली हायड्रिला, वर शेवाळाची साय, मधेमधे कमळाची पानं. उघड्या काट्याचं कुठलंही ल्युअर (कृत्रिम आमिष) अशा जागी हातभरही सरकत नाही, म्हणून पोकळ अंगाचा फ्रॉग वापरते, म्हणजे बेडकाच्या आकाराचं मऊ रबरी आमिष, ज्याच्या जोडगळाचे काटे अंगाला चिकटून लपलेले असतात. मासे आहेत आणि वर येऊन मारतातही. अडचण त्यापुढची आहे. मारणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मासे हाती लागत नाहीत.

रॉड ७ फुटी हेवी, लाइन ५० पौंडी ब्रेडेड (विणलेली), फ्रॉग पालोमार गाठीने थेट बांधलेला, ड्रॅग (रीलचा ब्रेक) पूर्ण आवळलेला. 'पाणी उसळलं की दोन आकडे मोजा आणि मग हिसका द्या' हा नेहमीचा सल्लाही पाळते. तरी मासे जातात, आणि ते तीन तऱ्हांनी जातात. एक, मोठा फवारा उडतो, पण फ्रॉग तिथेच बसलेला किंवा थोडा बाजूला फेकलेला. दोन, फ्रॉग दिसेनासा होतो, मी हिसका देते आणि तो रिकामाच उडत परत येतो. तीन, मासा लागतो, दोनचार धक्के बसतात, मग लाइन जड होते आणि ओढून आणावा तर नुसता वनस्पतींचा गठ्ठा.

या तिन्हींचं कारण एकच असेल असं वाटत नाही. हिसका नक्की कधी द्यायचा? गळाचे काटे थोडे बाहेर वाकवावेत का? मागे जादा गळ लावून उपयोग होतो का? ज्यांनी दाट थरावर खूप वेळ घालवला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

नावाडी:
दोन गोष्टी सांगा. फ्रॉग किती लांब टाकता, आणि मासा मारतो त्या क्षणी रॉडचं टोक कुठे असतं?

धागाकर्ती:
जमेल तितका लांब टाकते, मासे बिचकू नयेत म्हणून. टोक बहुधा वर असतं, म्हणजे फ्रॉग पानांवरून उचलून आणता येतो.

खोलपाणी:
तुम्ही तीन तऱ्हा वेगळ्या केल्यात हे फार बरं केलंत. बहुतेक लोक सगळ्याला 'मासा चुकला' म्हणतात आणि मग सगळ्यावर एकच औषध शोधतात.

पहिल्या तऱ्हेत हिसक्याचा संबंधच नाही. बास चावा घेऊन पकडत नाही. तो तोंड झपकन उघडतो, आतली पोकळी एकदम मोठी होते आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर भक्ष्य आत खेचलं जातं. मोकळ्या पाण्यात हे बिनचूक होतं. थरावर मात्र फ्रॉग पाण्यात नसतो, पानांच्या गादीवर असतो. मासा खालून ओढतो ते पाणी, आणि मधे वनस्पती अडलेली. शिवाय त्याला फ्रॉग नीट दिसतही नाही. वरची हालचाल, दबलेली पानं आणि पार्श्वरेषेला, म्हणजे अंगाच्या बाजूच्या संवेदी रेषेला, जाणवणारी कंपनं यांवरून तो अंदाजाने धडक मारतो. फवारा मोठा उडाला म्हणजे फ्रॉग तोंडात गेला, असं अजिबात नाही.

म्हणून आकडे मोजणं मी सोडून द्यायला सांगेन. दोन आकडे मोजून झाले तरी फ्रॉग पानावरच असेल तर तुम्ही तो माशाच्या डोक्यावरून ओढून नेता. उलट माशाने तो पहिल्याच क्षणी गिळला असेल तर दोन आकड्यांत तो थुंकूनही टाकतो. मोजायचं ते वजन. फवारा उडाला की टोक पाण्याकडे खाली न्या, रीलने झोळ (लाइनचा सैलपणा) ओढून घ्या, आणि लाइनच्या दुसऱ्या टोकाला जिवंत भार लागला तरच हिसका. भार नसेल तर काही करू नका. फ्रॉग तिथेच राहू द्या, मग जागच्या जागी जरासा थरथरवा. धडकेने थराला भोक पडलेलं असतं, फ्रॉग त्या भोकात सरकला तर दुसऱ्या वेळी माशाला तो खरोखर ओढता येतो.

दाट थरावर मी फ्रॉगच्या पोटात शिशाचे एकदोन छोटे मणीही घालते. तो पानं दाबत येतो आणि खालून माशाला माग काढता येतो. जास्त घातले तर मोकळ्या भोकात तो शेपटाकडून बुडतो, त्यामुळे आधी पाण्यात ठेवून पाहा. ओढण्याची लय एकसारखी ठेवा. वेडावाकडा पळणारा फ्रॉग उघड्या पाण्यात चालेल, इथे माशाचा नेम चुकवतो. आणि थांबायचं ते भोकांवर आणि थराच्या कडेला, जिथे पाणी मोकळं आहे.

नावाडी:
दुसऱ्या तऱ्हेबद्दल. फ्रॉग खाली गेला आणि रिकामा परत आला, तर मासा तोंडात घेऊनही काटा रुतला नाही. तुमची लांब फेक आणि वर धरलेलं टोक, दोन्ही इथे आड येतात. टोक वर असताना हिसक्याला जागाच उरत नाही. आणि लांबवरची लाइन सरळ नसते, ती पानांवरून वळणं घेत जाते, त्यामुळे निम्मा जोर ती वळणं सरळ करण्यातच जातो. ब्रेडेड लाइन ताणली जात नाही हे खरं, पण झोळ असेल तर त्याचा काय फायदा? गच्च थराखालचा मासा सहसा बिचकत नाही, त्याच्या डोक्यावर छप्पर आहे. फेक निम्मी करून पाहा.

मग फ्रॉगकडे बघा. अंगठ्याने वरून दाबा. काटे सहज उघडे पडायला हवेत. अंग ताठ असेल तर मासा दाबतो त्यानेही ते चेपत नाही. आत पाणी साठलं असेल तरी तेच होतं, म्हणून मधूनमधून पिळून काढत जा. या जोडगळाची तार जाड असते, बासच्या तोंडाचा वरचा भाग हाडाचा, तेव्हा टोकं बोथट झाली की कितीही जोर लावा, ती रुतत नाहीत. नखावर टेकवून पाहा, घसरलं तर कानस फिरवा. काटे पक्कडीने अगदी किंचित वर-बाहेर वाकवावेत असं माझं मत आहे.

खोलपाणी:
वाकवण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. विरळ पानांत ठीक, पण शेवाळाच्या चिवट थरावर किंचित वाकवलेला काटाही धागे गोळा करतो, आणि शेवाळ अडकलेल्या फ्रॉगला मासा हात लावत नाही. मी आधी फेक, झोळ आणि मऊपणा दुरुस्त करेन, वाकवणं सगळ्यात शेवटी. मागचा जादा गळ तर दाट थरावर नकोच. मासे फक्त पाय ओढून सोडत असतील तर रबरी पाय कात्रीने आखूड करा.

काठोकाठ:
तिसऱ्या तऱ्हेवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तिथे मासा हिसक्यात जात नाही, हिसक्यानंतरच्या दोन क्षणांत जातो. हिसका दिला की लोक अंदाज घ्यायला थांबतात. थांबू नका, त्याच झोकात रील फिरवत राहा. माशाचं डोकं वर ठेवून त्याला थरावरून घसरत आणायचं. डोकं एकदा खाली गेलं की तो देठांना वेढा घालतो. यासाठी वेगवान रील हवं, हँडलच्या एका फेरीला स्पूल ७ किंवा जास्त वेळा फिरेल असं. रॉडही ७ फूट ३ इंचांच्या पुढचा असेल तर एका हिसक्यात जास्त लाइन उचलली जाते. लाइन ६५ पौंडी करा. मासा त्याहून बळकट नसतो, पण माशासकट येणारा गठ्ठा जड असतो आणि ती जाड लाइन देठ कापतही येते.

तरी मासा आत घुसलाच तर उचकू नका. लाइन ताणलेली ठेवा, होडी त्याच्यावर न्या आणि हाताने वनस्पती बाजूला करून त्याला काढा. गठ्ठा वाटतो त्यात पुष्कळदा मासा असतो.

धागाकर्ती:
मनापासून आभार. फेक आणि टोक उद्यापासूनच बदलते, काटे तूर्तास आहेत तसे ठेवते. एकच शंका राहिली: एखादा मासा दोनदा धडकून गप्प झाला, तर फ्रॉग तिथेच टाकत राहायचं का?

खोलपाणी:
नाही. दुसरा रॉड हाताशी तयार ठेवा, त्यावर टेक्सस पद्धतीने काटा लपवलेला रबरी किडा आणि पुढे गोळीच्या आकाराचं वजन. फवाऱ्याने पडलेलं भोक मिटायच्या आत तो सरळ त्यात सोडा. खाली जाताना लाइन बाजूला सरकू लागली की मासा त्याच्याकडे आहे. इथे वाट पाहू नका, झोळ काढा आणि लगेच हिसका द्या.