भिगवण : पाण्यावर पांढराफटक, उडाला की काळाकुट्ट! मदत हवी आहे

गेल्या रविवारी पहिल्यांदाच भिगवणला गेलो. कुंभारगावातून सकाळी सातला होडी, उजनी धरणाचा पाणफुगवटा शांत, समोर फ्लेमिंगोंचा थवा. घरी येऊन कार्ड उघडलं आणि कपाळावर हात मारला.

पक्षी चरत होते तेव्हा मागे काळपट पाणी होतं. त्या फोटोंत पिसं पार जळालीत, म्हणजे नुसता पांढरा डाग. तोच थवा उडाला, मागे आभाळ आलं आणि सगळ्यांचे कावळे झाले. पंखांतला लाल-काळा रंग बघायला तर पहाटे चारला पुणं सोडलं होतं!

१५०-६०० मिमी लेन्स, छिद्र एफ ६.३, शटर १/२००० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटो. काळपट पाणी बघून कॅमेऱ्याने आयएसओ १२५० घेतलाय, उजळ आभाळ बघून थेट २००. मधल्या चार सेकंदांत ऊन तर तेच होतं. स्पॉट मीटरिंगने (फक्त एका ठिपक्यापुरता उजेड मोजून) आणखीच गोंधळ : एक फोटो बरा, पुढचा वाया. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काळे पक्षी उजळले तर नुसते दाणे दिसतात. जळालेल्या पिसांचं तर काहीच होत नाही.

पाण्यावर काँपेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करणं) उणे, आभाळावर अधिक, हे माहीत आहे. पण थवा उडताना चाक फिरवायला सवड कुणाला? तुम्ही काय करता?

प्रतिसाद १
ऊन तेच होतं म्हणता, मग एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) तरी का बदलू देता? ऑटो आयएसओ बंद, पूर्ण मॅन्युअल. पक्षी पाण्यावर असतानाच दोन-तीन फोटो काढून बघा. पांढऱ्या पिसांवरची हायलाइटची लुकलुक (जळालेला भाग कॅमेऱ्याच्या पडद्यावर लुकलुकतो ती) थांबेपर्यंत आयएसओ उतरवा. तुमच्या आकड्यांवरून ६४० च्या आसपास येईल. मग थवा उडाला तरी हात लावू नका. आभाळ फिकं पडेल, पडू दे. ऊन चढतं तसं अधूनमधून तपासत राहा.

स्पॉटचं म्हणाल तर बऱ्याच कॅमेऱ्यांत तो ठिपका मधोमधच राहतो, फोकस पॉइंट कोपऱ्यात नेला तरी. पक्षी बाजूला सरकला की मोजलं जातं ते पाणी.

प्रतिसाद २
सहमत, पण होडी वळली की हे गणित मोडतं. सूर्य पक्ष्यांच्या मागे गेला तर एक-दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावं लागतं. त्यापेक्षा नावाड्याला आधीच सांगा, "दादा, ऊन पाठीवर राहू द्या." आणि फोटोसाठी थव्यात होडी घालायला लावू नका, प्लीज.

धागाकर्ता
होडी आम्ही घातली नाही, थवा आपणहून उडाला! पण परतीच्या वाटेवर सूर्य समोर होता हे आत्ता लक्षात येतंय. पुढच्या रविवारी ६४० लावून बघतो, फोटो इथेच टाकेन.