मागच्या दाढेला झिरकोनियाची कॅप हवीच का?

खवचट खान्देशी:
रूट कॅनाल झालं की खुर्चीतून उठायच्या आत प्रश्न येतो, ‘मेटलची बसवू की झिरकोनियाची, म्हणजे पांढऱ्या कठीण सिरॅमिकची?’ पाठोपाठ दहा-पंधरा वर्षांच्या वॉरंटीचं कार्ड. माझं म्हणणं, हसताना न दिसणाऱ्या दाढेला धातूवर पोर्सेलिन चढवलेली पीएफएम कॅप पुरते. २०१५ साली इरेना सायलर आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाच वर्षांचा हिशोब मांडला. पीएफएम ९४.७ टक्के टिकल्या, इमॅक्ससारख्या मजबूत काच-सिरॅमिकच्या ९६.६, झिरकोनियाच्या ९२.१. म्हणजे जिची सर्वाधिक भलामण तीच मागे!

दातपाडे डॉक्टर:
खान्देशीभाऊ, आकडे बरोबर, पण कॅप कुठल्या ते बघा. त्या बहुतेक दोन थरांच्या: आत झिरकोनियाचा सांगाडा, वर भाजलेलं पोर्सेलिन. सांगाडा क्वचितच मोडायचा, टवके उडायचे ते वरच्या थराचे. झिरकोनियातून उष्णता हळू बाहेर पडते. भट्टीतून काढून भराभर थंड केलं की पोर्सेलिनमध्ये ताण अडकून राहायचा. आता दाढेला आम्ही एकसंध झिरकोनिया देतो. वर थरच नाही, तर उडणार काय? शिवाय पीएफएमला चावायच्या बाजूने दात दीड-दोन मिलिमीटर घासावा लागतो, याला एक पुरतो. वाचलेला दात हिशोबात धरणार की नाही?

खवचट खान्देशी:
दात वाचतो, मान्य. पण एकसंध कॅप सर्रास बसू लागून जेमतेम पंधरा वर्षं झाली, मग पंधरा वर्षांची वॉरंटी कशाच्या जोरावर? डायकोर आठवा. १९८०च्या दशकात काच-सिरॅमिकची ही कॅप वाजतगाजत आली, दाढांवर फुटत राहिली आणि बाजारातून गेली. २००१ मध्ये कृत्रिम खुब्यात बसवलेले झिरकोनियाचे गोळेही फुटले होते.

दातपाडे डॉक्टर:
ते एका उत्पादकाने भट्टी बदलल्यामुळे. त्याचं खापर सगळ्या झिरकोनियावर कशाला?

गोखलेकाकू:
इतकं कठीण दातात बसवल्यावर समोरची दाढ झिजणार नाही का हो?

लॅबवाला:
काकू, उलट आहे. नीट पॉलिश केलेलं झिरकोनिया समोरच्या दाताला पोर्सेलिनपेक्षा कमी झिजवतं. घोळ होतो तो कॅप बसवल्यावर ‘उंच लागतेय’ म्हणून बर, म्हणजे घासायचं फिरतं टोक, फिरवतात आणि पुन्हा पॉलिश करत नाहीत तेव्हा. तो खरखरीत भाग कानशीच. आणि डॉक्टरसाहेब, ‘झिरकोनिया’ एवढंच म्हणून भागत नाही. पांढरट, अपारदर्शक जुनं साहित्य ९०० ते १२०० मेगापास्कल ताकदीचं. पुढच्या दातांसाठी पारदर्शक केलेलं त्याच्या निम्म्याच्या आसपास. कार्डावर दोन्हींचं नाव एकच.

दातपाडे डॉक्टर:
हे बरोबर. रात्री दात खाणाऱ्या पेशंटच्या दाढेला पारदर्शक जात मी देत नाही.

गोखलेकाकू:
आणि कॅप शाबूत राहून आतली दाढच किडली तर?

लॅबवाला:
तर वॉरंटी लागू नाही. आम्ही कॅप बदलून देतो, दात नाही. कडेपाशी अन्न अडकून कीड लागली की धडधाकट झिरकोनियासुद्धा हिऱ्याच्या बरने कापून काढावं लागतं, आणि ते धातूपेक्षा चिवट काम आहे.

खवचट खान्देशी:
मग माझं ठरलं. कुठली जात ते डॉक्टर कार्डावर लिहून देणार असतील तर झिरकोनिया, नाहीतर पीएफएम. आणि काहीही बसवलं तरी दर सहा महिन्यांनी सफाई.